खेळण्यातल्या गाडीचा जुना रंग काढताय? आधी डब्यावरचं हे नाव वाचा

बहुतेक घरांच्या माळ्यावर एक खोकं असतं. त्यात लहानपणीच्या चार-पाच धातूच्या गाड्या, पंख मोडलेलं प्लॅस्टिकचं विमान, दिवाळीच्या किल्ल्यावरचे दोन-तीन मावळे. रंग उडालेला, चाक निखळलेलं. टाकवत नाही आणि तसंच ठेववतही नाही. मग एखाद्या रविवारी मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता ठरतं, की जुना रंग काढू आणि नवा देऊ.

व्हिडिओत हे काम अर्ध्या मिनिटात होतं. गाडीवर जेल फासलं की रंगाला सुरकुत्या पडतात. ब्रश मारला की खाली चकचकीत धातू. बघायला भारी वाटतं. प्रश्न एवढाच, की त्या जेलमध्ये आहे काय?

बऱ्याच जुन्या आणि 'झटपट' पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड हे रसायन असतं. अमेरिकेनं हे रसायन सामान्य ग्राहकांच्या हातातून काढून घेतलंय. युरोपनं तर त्याच्याही आधी. आपल्याकडे मात्र डबा उघडायचा की नाही, हे अजूनही तुम्हालाच ठरवायचंय.

छंद छोटा आहे, वस्तू तर मुठीत मावणारी. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रसायन, बंद खोली आणि गटार हे तिन्ही शब्द एकत्र आले की विषय छोटा राहत नाही. म्हणून तो नीट समजून घेऊया.

अमेरिकेनं नेमकं काय केलं?

३० एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, मिथिलीन क्लोराइडवर अंतिम नियम जाहीर केला. सामान्य ग्राहकांसाठीचे सगळे वापर बंद, आणि उद्योगातलेही बहुतांश वापर बंद. ग्राहकांना होणारी विक्री वर्षभराच्या आत थांबवायची, असं ठरलं. घरगुती पेंट रिमूव्हरपुरती बंदी तर तिथे २०१९ मध्येच आली होती.

कारण काय दिलं? १९८० पासून या रसायनाच्या थेट संपर्कामुळे किमान ८८ जणांचा मृत्यू झाला, असं ईपीएनं सांगितलं. यातले बरेचसे घरदुरुस्तीची कामं करणारे कामगार होते. बाथटबचा जुना थर खरवडायला बाथरूममध्ये गेले आणि बाहेर आलेच नाहीत, अशी ही प्रकरणं आहेत. शिवाय दीर्घकाळ संपर्कातून यकृताला इजा आणि कर्करोगाचा धोका, हेही त्या निर्णयात आहे.

युरोपीय संघानं २००९ मध्येच निर्णय घेऊन पुढच्या काही वर्षांत ग्राहकांच्या पेंट रिमूव्हरमधून हे रसायन हटवलं.

एवढ्याशा डब्यानं माणूस मरतो कसा?

तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली गोष्ट, हे द्रव फार पटकन उडतं. त्याचा उत्कलन बिंदू जेमतेम ४० अंश सेल्सिअस आहे. बदलापूरकरांना एप्रिल-मेचं वेगळं सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाल्कनीत उघडा ठेवलेला डबा अक्षरशः उकळण्याच्या बेतात असतो.

दुसरी गोष्ट, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली साठते. म्हणजे बाथरूमच्या जमिनीवर बसून, मोरीत वाकून काम करणारा माणूस नेमका त्या साठलेल्या वाफेत श्वास घेत असतो. उंचावरचा एक्झॉस्ट फॅन इथे फारसा कामाचा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक. वाफेनं आधी गुंगी येते, त्यामुळे आपण धोक्यात आहोत हे कळायच्या आत माणूस आडवा होतो. आणि शरीरात गेलेल्या या रसायनाचं काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड बनतं. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. मोकळ्या हवेत आल्यावरही हे काही तास चालूच राहतं. आधीच हृदयविकार असलेल्यासाठी तर हे फारच वाईट.

कोविडच्या काळातला एन-९५ मास्क इथे चालेल का? नाही. तो धूळ आणि थेंब अडवतो, वाफ नाही. सेंद्रिय वाफेसाठी मिळणारे डबीवाले मास्कसुद्धा या विशिष्ट रसायनापुढे भरवशाचे नाहीत, कारण ते डबीतून लवकर आरपार जातं. साधे रबरी आणि नायट्राइलचे हातमोजेही ते काही मिनिटांत भेदतं.

थोडक्यात, घरी काळजी घेऊन वापरण्याजोगं हे रसायन नाही. त्यापासून लांब राहणं हीच काळजी.

मग आपल्याकडे काय?

घरगुती पेंट रिमूव्हरमधल्या मिथिलीन क्लोराइडवर आपल्याकडे अमेरिका किंवा युरोपसारखी थेट ग्राहक-बंदी नाही. हार्डवेअरच्या दुकानात रिमूव्हर मागितला की मिळतो. तो मोठ्या कामासाठी बनवलेला असतो. लोखंडी ग्रिल, दरवाजे, गाड्यांचं पेंटिंग. फर्निचर बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या उल्हासनगरात पॉलिश, थिनर, स्पिरिट हे शब्द तर रोजचेच.

म्हणून डबा घेताना तीन गोष्टी बघा.

डब्यावर 'मिथिलीन क्लोराइड' किंवा 'डायक्लोरोमिथेन' लिहिलंय का? दोन्ही एकच. कधी कधी नाव नसतं, फक्त ७५-०९-२ असा आकडा असतो. तो याच रसायनाचा ओळख क्रमांक.

घटकच लिहिलेले नसतील तर तो डबा घेऊ नका.

आणि सुट्टं, पाण्याच्या बाटलीत भरून दिलेलं थिनर किंवा स्पिरिट तर अजिबात नको. एक तर त्यात मिथेनॉल किती, टोल्यूइन किती, काहीच कळत नाही. दुसरं म्हणजे घरात पाण्याची बाटली दिसली की कुणीही तोंडाला लावतं. लहान मूल असेल तर विचारायलाच नको.

पण मिनिएचरचा रंग काढायला एवढं जहाल काही लागतं का?

नाही. हाच या सगळ्याचा मुद्दा आहे.

ग्रिल खरवडणाऱ्या कामगाराला वेळ नसतो. त्याला तासाभरात पुढच्या कामाला जायचं असतं, म्हणून जहाल रसायन. आपल्या गाडीला कसली घाई? रात्रभर, हवं तर दोन दिवस भिजू दे. जे काम विष दहा मिनिटांत करतं, ते सौम्य द्रव वेळ घेऊन करतं.

पण त्याआधी वस्तू कशाची आहे ते ओळखा. सगळ्या चुका इथेच होतात.

धातूची गाडी: हॉट व्हील्ससारख्या छोट्या गाड्यांचा वरचा भाग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. खालचा तळ, काचा, चाकं मात्र प्लॅस्टिकची असतात. म्हणून आधी गाडी उघडून भाग वेगळे करावे लागतात. या धातूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. कॉस्टिक सोडा मात्र नको. नळ मोकळा करायच्या पावडरीत तोच असतो. तो जस्त आणि ॲल्युमिनियम खातो, त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टीवर बेततं.

प्लॅस्टिकचं मॉडेल: विमानं, रणगाडे, छोटे सैनिक यांचे जोडणीचे संच बहुतेक पॉलिस्टायरिनचे असतात. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांपैकी काहीही लागलं की रंगाबरोबर मॉडेलही वितळतं. बाटलीवर 'ॲसिटोन-फ्री' लिहिलेलं असलं तरी भुलू नका. त्यात बऱ्याचदा इथाइल ॲसिटेट असतं, आणि तेही हे प्लॅस्टिक विरघळवतं.

रेझिन: थ्री-डी प्रिंटरवर बनलेल्या मूर्ती याच्या असतात. अल्कोहोलमध्ये थोडाच वेळ ठेवा. रात्रभर ठेवलं तर बारीक भाग मऊ पडतात, मग ठिसूळ होतात.

मातीचे किंवा पीओपीचे मावळे: यांना कशातच भिजवायचं नाही. पाण्यातसुद्धा नाही. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा, सुटलेले पापुद्रे हलकेच काढा, वर प्रायमरचा पातळ हात द्या आणि त्यावरच रंगवा. जुना रंग काढायलाच हवा असं थोडंच आहे?

आणखी एक. आजोबांच्या काळातलं एखादं जुनं खेळणं हाती लागलं असेल तर रंग काढण्याआधी जाणकाराला दाखवा. संग्राहकांच्या लेखी उडालेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मोलाचा असतो. आणि तो एकदा गेला की परत येत नाही.

डेटॉलनं खरंच रंग निघतो?

हो, ही अफवा नाही. ब्रिटनमधले मिनिएचर रंगवणारे कित्येक वर्षं ही युक्ती वापरतायत. डेटॉलच्या पिवळसर अँटिसेप्टिक द्रवात पाईन तेल आणि अल्कोहोल असतं. त्यामुळे ॲक्रिलिक रंग सुटतो आणि प्लॅस्टिक सहसा शाबूत राहतं.

यात एक गंमत आहे. भिजवलेली मूर्ती थेट नळाखाली धरली की सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो परत मूर्तीवरच बसतो. म्हणून आधी डेटॉलमध्येच ब्रशनं घासायचं, मग साबणाच्या पाण्यात.

पण हेही पाण्यासारखं निरुपद्रवी नाही. न मिसळलेलं डेटॉल कातडी जाळतं, त्यामुळे हातमोजे हवेतच. घरात मांजर असेल तर हा प्रयोग नको. यातलं क्लोरोझायलेनॉल मांजरांना विषारी आहे, आणि पायाला लागलेलं ते चाटून पोटात घेतात.

घरच्या घरी, पायरी पायरीनं

१. जागा: बाथरूम नाही, स्वयंपाकघर नाही. बाल्कनी, गॅलरी किंवा गच्ची. सावलीत, वारा खेळता असेल तिथे. आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट, मच्छर मारायची रॅकेट काहीही नको.

२. चाचणी: मॉडेलच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट घासा. कापसाला रंग लागला तर तो बहुधा ॲक्रिलिक आहे, सहज निघेल. खालचा भाग चिकट किंवा पांढुरका झाला तर तिथेच थांबा.

३. भिजवणं: काचेच्या झाकणाच्या बरणीत मॉडेल बुडेल एवढंच द्रव घ्या. झाकण लावा. बरणीवर मोठ्या अक्षरात 'विष' आणि तारीख लिहा. दर काही तासांनी बघा. हट्टी रंगाला एक-दोन दिवस लागतील.

४. घासणं: जुना मऊ टूथब्रश आणि लाकडी टूथपिक. तारेचा ब्रश नको. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ब्रशच्या केसांवरून थेंब नेमके वर उडतात.

५. धुणं: बादलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी घ्या, त्यात धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर मारू नका.

काही गोष्टी एकत्र आणूच नका. ब्लीचिंग द्रव आणि ॲसिटोन किंवा अल्कोहोल एकत्र आले तर क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगं तयार होतात. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरिन वायू. चष्मे साफ करायच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात अल्कोहोल ओतायचं नाही, ते गरम होतं आणि पेट घेऊ शकतं. ब्रेक ऑइल वापरायचा जुना सल्लाही सोडून द्या. रंग निघतो खरा, पण ते कातडीतून शरीरात जातं.

चक्कर आली, डोकं जड झालं, तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत या. कुणी बंद खोलीत पडलेलं दिसलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, १०८ ला फोन करा. वाचवायला आत धावणारा दुसरा माणूसही आडवा होतो, असं अनेकदा घडलंय. काही पोटात गेलं असेल तर उलटी करायला लावू नका, डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

सँडपेपर मारून टाकला तर?

रसायन नको म्हणून बरेच जण सँडपेपर काढतात. पण इथे शिशाचा प्रश्न येतो.

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम केंद्र सरकारनं २०१६ मध्ये आणला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. खेळण्यांसाठी बीआयएसचं प्रमाणपत्र १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं झालं. म्हणजे त्याआधीच्या खेळण्यावरच्या चकचकीत लाल-पिवळ्या रंगात शिसं नसेलच, असं धरून चालता येत नाही. फार जुने धातूचे सैनिक तर शिशाच्याच मिश्रधातूचे असतात.

असा रंग कोरडा घासला की बारीक धूळ उडते. ती फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. म्हणून जुनी वस्तू कोरडी घासायची नाही. ओलंच काम करायचं, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि नंतर ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. झाडू मारला की धूळ पुन्हा उडणार.

आणि उरलेलं पाणी?

आता खरा आपल्या भागातला प्रश्न. बरणीत रंगीत, गढूळ द्रव उरलं. समोर मोरी आहे. ओतून द्यायचं?

ती मोरी कुठे जाते ते बघा. वालधुनी अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरातून येते, अकराव्या शतकातल्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. आज बरेच जण तिला नदी म्हणत नाहीत, नालाच म्हणतात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये याच वालधुनीत टँकरनं आणलेलं रसायन सोडल्यानंतर उल्हासनगरात रात्रीत विषारी वायू पसरला. शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला, दवाखाने भरले. पुढच्याच वर्षी, वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर, राष्ट्रीय हरित लवादानं उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी कोट्यवधींच्या भरपाईचे आदेश दिले.

आपली अर्ध्या लिटरची बरणी आणि तो टँकर यांची तुलना होत नाही, हे मान्य. एका बरणीनं नदी मरत नाही. पण बंद गटारात गेलेल्या अल्कोहोलची किंवा थिनरची वाफ तिथेच कोंडते. ती शेजारच्या मोरीतून वर येऊ शकते आणि पेटूही शकते. जिथे घराला घर लागून आहे तिथे हा धोका कागदावरचा नाही.

मग करायचं काय?

बरणी दोन दिवस झाकून तशीच ठेवा. रंगाचा गाळ खाली बसतो. वरचं स्वच्छ द्रव दुसऱ्या बरणीत काढा, पुढच्या वेळी तेच वापरता येतं. पैसेही वाचतात.

खालचा गाळ लाकडाच्या भुशात किंवा जुन्या वर्तमानपत्रात शोषून घ्या. घट्ट पिशवीत बांधा, वर 'रंग-रसायन' असं लिहा. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका.

कारण हा 'घरगुती घातक कचरा' आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत रंगाचे डबे, कीटकनाशकाचे डबे, जुनी औषधं, सीएफएल दिवे या सगळ्यांसाठी हा वेगळा प्रकार ठरवला गेला. तो स्वीकारायला स्थानिक संस्थेनं दर २० चौरस किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक केंद्र उभारावं असंही त्यात म्हटलं होतं. उल्हासनगर शहर साधारण १३ चौरस किलोमीटरचं. म्हणजे हिशेबानं किमान एक केंद्र आलंच. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनाही त्या नियमांत हाच हिशेब लागू होत होता.

घंटागाडी आली की विचारा, 'रंग-रसायनाचा कचरा कुठे द्यायचा?' उत्तर मिळालं नाही तर प्रभाग कार्यालयात लेखी विचारा. नगरसेवकाला विचारा. तोवर ती पिशवी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

थोडक्यात सांगायचं तर

मिनिएचरचा रंग काढणं हा धोकादायक छंद नाही. घाई त्याला धोकादायक बनवते. सौम्य द्रव, झाकणाची बरणी, मोकळी हवा आणि एक-दोन दिवसांचा धीर, एवढ्यात काम होतं.

अमेरिकेत ८८ मृत्यू मोजल्यानंतर नियम आला. आपल्याकडे तो येईल तेव्हा येईल. तोपर्यंत डब्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचायला अर्धा मिनिट लागतो. व्हिडिओत गाडीचा रंग निघायलाही तेवढाच वेळ लागतो.